चार चिरा

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. उजव्या हातात बारीक ब्रश आहे, डाव्या हाताच्या बोटावर पतंगाच्या कागदाची पट्टी आहे आणि श्वास रोखून धरला आहे, कारण तो जोरात सोडलात तर पट्टी उडून जाईल. समोर टेबलावर ताटाएवढा स्पीकर उताणा ठेवला आहे. त्याच्या काळ्या जाड कागदावर चार चिरा आहेत, मधल्या घुमटापासून कडेकडे गेलेल्या. पट्टी चिरेवर अशी बसवायची, की नंतर बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते कळू नये. डिंक थोडाच घ्या. घाई करू नका.

झुलेखा घाई करत नव्हती.

"कडेकडून आत ये, बेटा," तिच्या खांद्यावरून बघत तिचे नाना, नूरमोहम्मद, म्हणाले. "आतून बाहेर गेलीस तर खाली हवा राहते. हां, असं. आता बोटानं नाही, ब्रशच्या पाठीनं दाब."

पहिली चीर मिटली. नानांनी स्पीकर उचलून दिव्यासमोर धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं. कागदातून उजेडाची रेघ आली नाही.

"हात साफ आहे तुझा," ते म्हणाले. "या वयात माझा एवढा नव्हता."

एक्याऐंशी सालच्या जानेवारीतली ती शनिवारची दुपार होती. चिंचवड स्टेशनजवळ चहाच्या टपरीला लागून नूरमोहम्मदचं दुकान होतं. देहूरोडच्या लष्करी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं वायरलेस सेट दुरुस्त करून ते निवृत्त झाले आणि मग त्यांनी हे दुकान थाटलं. घराघरांतले रेडिओ, लग्नातले कर्णे, मशिदीचा आणि मारुतीच्या देवळाचा अँप्लिफायर, सगळं त्यांच्याकडेच यायचं. त्यांची एक सवय होती. वस्तू ज्या कामासाठी आली ते काम ते करत, आणि उघडल्यावर आत दुसरं काही बिघडलेलं दिसलं तर तेही न विचारता नीट करत. त्याचे पैसे घेत नसत. "वायरलेसवर एक शब्द फाटला तर तिकडे माणसं मरतात," ते सांगत. "फाटका आवाज माझ्या हातून बाहेर जायचा नाही."

हा स्पीकर एका जुन्या इंग्रजी अँप्लिफायरमधला होता. अँप्लिफायर म्हणजे करड्या कापडाचा, गुडघ्याएवढा उंच डबा, आत काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह असलेला. चालू केला की आधी व्हॉल्व्ह तापायचे, काचेत नारिंगी उजेड यायचा आणि मगच आवाज. गिटार वाजवायची ती याला जोडून. तो दुकानात आला होता एवढ्याचसाठी, की चालू केला की गुणगुणत होता. त्याला एक कंडेन्सर बदलला की काम झालं. पण नानांनी मागची फळी काढली आणि चिरा पाहिल्या.

"उंदीर असा सरळ रेषेत खात नाही," ते म्हणाले होते. "ब्लेड मारलंय कुणीतरी. या राजासारख्या वस्तूला! कोण नालायक असेल?"

कोण ते झुलेखाला माहीत होतं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, नाना दुपारच्या नमाजाला गेले असताना ती दुकानात एकटी बसली होती. तेव्हा सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधलेला तो डबा घेऊन भीमराज आला. आकुर्डीच्या चाळीत राहणारा, भोसरीच्या एका कंपनीत फिटर. त्याने डबा उंबऱ्याच्या आत ठेवला, पाठ सरळ केली आणि तिला मोठ्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं,

"मास्तरीणबाई, चाचांना दोन गोष्टी सांगायच्या. एक, चालू केला की हा गुणगुणतो, ते बघा म्हणावं. दुसरी, स्पीकरचा कागद फाटलाय तो तसाच राहू दे. मी मुद्दाम फाडलाय. त्याला हात लावायचा नाही. काय?"

"हात लावायचा नाही," झुलेखा म्हणाली.

"विसरशील?"

"मी विसरत नसते."

आणि ती विसरली नव्हतीच. नानांनी फळी काढली तेव्हा ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. पण त्याच वेळी नाना वळून म्हणाले, "झुले, डिंक भिजव. ईदेपासून मागे लागली आहेस ना? हा कागद तू चिकटवायचा. सगळा."

वर्षभर तिने या दुकानात स्क्रू निवडले होते, वायरींची टोकं सोलली होती, तापलेल्या सोल्डरच्या सळईपासून लांब उभी राहिली होती. कागद चिकटवणं हे पहिलं खरं काम. तिला वाटलं, डिंक भिजेपर्यंत सांगू. मग वाटलं, एक चीर झाल्यावर सांगू. एक झाल्यावर तीन उरल्या, आणि अर्धंमुर्धं काम सोडणं नानांना कधीच आवडत नसे.

संध्याकाळी चारही चिरा मिटल्या होत्या. नानांनी जुने थकलेले व्हॉल्व्हही काढून एका डबीत ठेवले आणि त्यांच्या जागी चांगले बसवले.

बुधवारी संध्याकाळी भीमराज डबा न्यायला आला तेव्हा लाईट गेलेली होती. नाना मेणबत्तीपाशी बसून कसल्यातरी गाठी सोडवत होते.

"लाईट असती तर वाजवून दाखवला असता," ते म्हणाले. "घरी जाऊन लाव. आवाज ऐकशील तर ओळखणार नाहीस."

"एवढा चांगला झालाय?"

"तू लाव तर."

भीमराज हसला. डबा उचलताना तो झुलेखाकडे वाकून हळूच म्हणाला, "सांगितलंस ना?"

झुलेखाने मान हलवली. वर-खाली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे सकाळपासून टपरीवर माणसं होती, न्हाव्याकडे रांग होती. झुलेखा शाळेतून येऊन पाटी-दप्तर ठेवत होती, तेवढ्यात तीच सायकल परत आली. भीमराज हँडल धरून चालत होता, पाठीला गिटार होती. कॅरिअरवरचा डबा मागून एका माणसाने धरला होता. जाडजूड मनगटं, हातांवर तांदळाएवढे भाजल्याचे काळे डाग.

"रामराम, चाचा!" तो माणूस एवढ्या मोठ्याने म्हणाला, की टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या.

"हे माझे बाबा," भीमराज म्हणाला. "चिमाजी. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून असं बोलतात."

नानांनी हात कपाळाला लावून सलाम केला, स्टूल पुढे सरकवलं. चिमाजी बसले.

"काय झालं? वाजत नाही?"

"वाजतो. छान वाजतो." भीमराजने पाठीवरची गिटार उतरवली. "चाचा, कागद चिकटवलात का?"

"मग? तसाच ठेवू? झुलेनं चिकटवला, एकटीनं. बोट फिरवून बघ, जोड सापडतो का."

भीमराजने झुलेखाकडे पाहिलं. शेजारच्या टपरीवरचा स्टोव्ह फरफरत होता, तो तिला ऐकू येईनासा झाला. आता तो सांगेल, असं तिला वाटलं. तिने फ्रॉकची कड मुठीत धरली.

"चूक माझी आहे," भीमराज म्हणाला. "वर चिठ्ठी लावायला पाहिजे होती. सांगायचं राहून गेलं."

"काय सांगायचं?"

"की चिरा मीच मारल्यात."

नाना हसायला लागले. मग भीमराजचा चेहरा पाहून थांबले.

भीमराजने उभ्याउभ्याच सांगितलं. बाबा वीस वर्षं फोर्जिंगच्या कंपनीत हॅमरवर आहेत. लालभडक लोखंडावर दोन टनांचा घण पडतो, दिवसभर पडतो. कानांत कापूस घालायचे, पण कापसाने काय होतंय. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पाखरं, मग माणसांचं बोलणं. आई ओरडून ओरडून दमली, आता खुणा करते. "मी गिटार शिकलो तेव्हा ते समोर बसायचे. मी काय वाजवतो ते त्यांना कळायचं नाही. नुसती बोटं हलताना बघायचे आणि आईला म्हणायचे, पोरगं कोष्ट्यासारखं काहीतरी विणतंय."

चिमाजी त्याच्या ओठांकडे बघत होते. त्यांना बहुधा विषय कळला होता, कारण ते मान खाली घालून हसले.

"मग एका मित्रानं कॅसेट दिली," भीमराज म्हणाला. "त्याचा भाऊ बोटीवर असतो, विलायतेहून आणली होती. त्यातली गिटार अशी फाटलेली, जाड, भिंत हलवणारी. हेवी मेटल म्हणतात त्याला."

"हेवी मेटल?" नाना चिमाजींकडे बोट करून म्हणाले. "ते तर हे वीस वर्षं ठोकतायत."

"म्हणूनच ऐकू येत असेल," भीमराज म्हणाला, आणि दोघंही क्षणभर हसले. "तसा आवाज काढायला मी दोन जुने स्पीकर फाडून पाहिले होते. नुसती फडफड. मग याला, बाबांच्याच दाढीचं ब्लेड घेऊन, अंदाजानं चार चिरा मारल्या. बटणं फिरवत बसलो. बाबा पाठ करून दाढी करत होते. आणि एकदम साबण लावलेलं तोंड घेऊन वळले. म्हणाले, 'काय हाय ते?'"

नानांनी चिमाजींकडे वळून पाहिलं.

"तेव्हापासून दर गुरुवारी ते डब्यावर हात ठेवून बसतात. मी वाजवतो. ते सांगतात, मघाचं ते परत वाजव. तीन वर्षांत आमचं तेवढंच बोलणं आहे, चाचा. आज सकाळी लावला. बसले. बराच वेळ बसले. मग हात काढून घेतला आणि अंघोळीला गेले."

नाना खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला आणि परत काढला.

"विचारायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नाही, हे तुला पाहिजे का म्हणून."

झुलेखा कपाटाला पाठ लावून उभी होती. भीमराजने चूक स्वतःवर घेतली होती. नानांनी तीच चूक स्वतःवर घेतली होती. आता तिच्यासाठी काही उरलं नव्हतं, असं कुणालाही वाटलं असतं. तिला मात्र तसं वाटत नव्हतं.

"बसा," नाना उठले. "आवाज हरवलाय ना? शोधू. झुले, ती व्हॉल्व्हची डबी काढ."

त्यांनी मागची फळी उघडली, नवे व्हॉल्व्ह काढून जुने थकलेले परत बसवले. भीमराजने गिटार जोडली. चिमाजींनी स्टूल पुढे ओढलं आणि डब्यावर पंजा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"झुले, तू पुढे बस. मी मागून सांगतो तशी बटणं फिरव. पहिलं आवाजाचं. दुसरं बेस, म्हणजे जाड आवाज, तिसरं ट्रेबल. चिमाजीरावांच्या तोंडाकडे बघत राहा. तुझं मीटर तेच."

तिने आवाजाचं बटण निम्म्यावर नेलं. भीमराजने जाड तारेवर बोट मारलं. सूर गोल आणि स्वच्छ निघाला, पितळेच्या घंटेसारखा. नानांना अशा सुराचा आयुष्यभर अभिमान वाटत आला होता. त्यांनी मान खाली घातली.

चिमाजींनी मान हलवली. नाही.

"आवाज पूर्ण. व्हॉल्व्हला सोसवेल त्यापेक्षा जास्त दे. सोसवेनासं झालं की तो ओरडतो."

तिने बटण शेवटपर्यंत नेलं. काचेतला उजेड प्रत्येक सुराबरोबर दबायला लागला. कपाटातले स्क्रू बरण्यांत नाचले. सूर कडेकडे खरवडल्यासारखा झाला.

"आता ट्रेबल काढून टाक. बारीक आवाज यांच्या कामाचा नाही. बेस वाढव. थांब. जरा मागे."

चिमाजी डोळे बारीक करून बसले. मग मोठ्याने म्हणाले, "आवाज येतोय! पर त्यात भीमा न्हाई!"

बाहेरून दौलतरावांनी डोकं आत घातलं. टपरी त्यांची होती, हातात चहाची किटली तशीच होती. "नूरभाई, दुकानात इंजिन शिरलं काय? कपबश्या चालायला लागल्यात माझ्या."

"चहा पाठवा दौलतराव, आणि डोकं बाहेर घ्या," नाना म्हणाले.

त्यांनी एक मोडका रेडिओ खाली काढला. त्याचं पोट उघडून गिटारची वायर आधी रेडिओत नेली आणि रेडिओतून अँप्लिफायरमध्ये, म्हणजे सूर आत जातानाच फाटून जाईल. सोल्डर करायला वेळ नव्हता, म्हणून वायरीचं टोक त्यांनी स्वतःच्या बोटांनी जागेवर दाबून धरलं आणि डब्याच्या मागे गुडघ्यांवर बसले. बासष्ट वर्षांचे गुडघे ते. गेलेली गुणगुण परत आली, थोडी जास्तच. आवाजाला दात फुटले.

चिमाजी पुढे झुकले. झुलेखाने त्यांच्या तोंडावरची नजर काढली नाही. तिने बेस केसभर वाढवला, त्यांच्या भुवया वर गेल्या. आणखी केसभर वाढवला, भुवया खाली आल्या. ती मागे आली. ट्रेबल नखाएवढं दिलं. तिला वाटलं, आता. आता येईल. तिने मनातल्या मनात अल्लाशी बरंच काही कबूल केलं.

चिमाजींनी मान हलवली.

शेवटी नानांनी खिशातून दाढीचं ब्लेड काढलं. ते त्यांनी कधी आणून ठेवलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी ते भीमराजकडे दिलं. "माझ्या हातानं होणार नाही. तू मार."

भीमराजने झुलेखाच्या पट्ट्यांवरून ब्लेड चालवलं. पण डिंक वाळून कडक झाला होता. चीर मऊ फाटली नाही, काडकन तडकली. वाजवून पाहिलं तर रिकाम्या डब्यावर पत्रा आपटल्यासारखी फडफड आली. एका चिरेवर तो थांबला. बाकीच्या तिन्हींना त्याने हात लावला नाही.

"चांगलं चिकटवलंय," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते झुलेखाला सोसलं नाही.

दोन तास झाले. चहा आला, तसाच निवला. भीमराजच्या बोटांच्या टोकांवर तारांचे लाल वळ उठले होते. नानांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि वायर दाबून धरलेली बोटं पांढरी पडली होती. चिमाजींनी एकदा डब्यावरून वाकून त्यांच्याकडे पाहिलं. मग मुलाच्या बोटांकडे. मग झुलेखाकडे. ते परत सरळ बसले, त्यांनी डोळे मिटले आणि पुढच्या सुराला म्हणाले,

"आलं!"

"काय?" भीमराजने विचारलं.

"आलं, आलं! हेच व्हतं! वाजव भीमा!"

"या अल्ला," डब्यामागून नाना म्हणाले.

भीमराज वाजवायला लागला. दर गुरुवारी बाबा परत मागायचे ते तेच असणार, कारण त्याची बोटं न बघता चालत होती. चिमाजी डोळे मिटून ताल धरल्यासारखी मान हलवत होते. झुलेखा बटणावर हात ठेवून हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली.

मध्येच भीमराजने तारांवरून हात उचलला.

डब्याची गुणगुण चालूच होती, तेवढीच. डबा थरथरत होता. चिमाजींची मान हलत राहिली. वर, खाली. वर, खाली. ओठांवर हसू होतं.

भीमराज त्यांच्याकडे बघत उभा होता. झुलेखाही बघत होती. डब्यामागे नानांना काहीच दिसत नव्हतं. त्यांना वाटलं असेल, पोरगं दम घेतंय. मग भीमराजने बाबांच्या मानेकडे बघून ताल पकडला आणि त्या मानेबरोबर तारांवर बोटं टाकली. चिमाजींनी डोळे उघडले तेव्हा त्याचा हात चालत होता.

"जमलं, चाचा," तो म्हणाला. "हाच होता."

नाना कपाटाला धरून उठले. त्यांचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. "झुलेनं काढला, मी नाही. झुले, पांढरा रंग घे. तिन्ही बटणं आहेत तिथेच खुणा कर, म्हणजे पुन्हा हरवायचा नाही. रेडिओ मी नीट सोल्डर करून देतो."

तिने बारीक ब्रश घेतला आणि तीन बटणांसमोर तीन पांढरे ठिपके दिले. ठिपके एकसारखे, गोल आले. रंग जराही पसरला नाही.

"पोरीचा हात गुनाचा हाय!" चिमाजी म्हणाले आणि तिच्या डोक्यावर त्यांनी तोच पंजा ठेवला. तो जड होता आणि अजून डब्याच्या उबेने गरम होता.

सायकलला डबा बांधताना सुतळीची गाठ मारायला भीमराज दारात खाली बसला. झुलेखा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"भीमराजदादा."

"असू दे," तो गाठीकडेच बघत म्हणाला. "मी कुणाला सांगत नाही. तूही बोलू नको. बाबांना वाटतंय, आपल्याला खरंच वाटलं की आवाज आला. राहू दे तसंच."

सायकल निघाली. चिमाजींनी मागून डबा धरला होता. आत नाना मोरीवर हात धूत गुणगुणत होते. झुलेखा दारात उभी राहिली. टपरीवर गुरुवारची माणसं बसली होती, दौलतराव किटलीतून कपात चहा ओतत होते. सायकल न्हाव्याच्या दुकानाच्या पुढे गेली.

मग ती पळत सुटली.

"काका!" तिने हाक मारली. हाक मारून उपयोग नव्हता. ती सायकलला वळसा घालून गेली आणि चिमाजींच्या समोर उभी राहिली. भीमराजने मान हलवली. नको. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"कागद तसाच ठेवायचा हे मला दादानं सांगितलं होतं," ती म्हणाली. असल्या गोष्टी माणूस ज्या आवाजात सांगतो त्याच आवाजात तिने सांगितलं.

चिमाजी वाकले. "आं? मोठ्यानं बोल पोरी. मला ऐकाया येत न्हाई."

टपरीवरच्या एकदोघांनी इकडे पाहिलं. न्हाव्याचा वस्तरा थांबला. दुकानाच्या दारात नाना येऊन उभे राहिले होते, हात पंच्याला पुसत.

झुलेखाने छातीभर श्वास घेतला.

"कागद चिकटवू नको म्हणून मला सांगितलं होतं! मी नानांना सांगितलं नाही! मला चिकटवायचा होता! आणि काल खोटं बोलले मी!"

दौलतरावांचा कप भरून बशीत सांडायला लागला. नानांचे पुसते हात थांबले.

चिमाजींनी एका हाताने डबा धरून दुसरा हात कानामागे नेला. त्यांना बहुतेक एखाददुसरा शब्दच पोचला होता. ते तिच्या तोंडाकडे बघत आणखी खाली वाकले.

"पुन्यांदा सांग," ते म्हणाले.

आणि झुलेखाने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, एकेक शब्द सुटा करून, आधीपेक्षा मोठ्याने.